चार्जिंगचा तास आणि आत्याचा फोटो

विजेची मोटार घेतल्यापासून भेटणारा प्रत्येक माणूस आम्हाला तीनच प्रश्न विचारतो. एकदा चार्ज केली की किती चालते? पावसात शॉक लागत नाही का? आणि वाटेत वीज संपली तर काय करता? पहिल्या दोन प्रश्नांना आम्ही आकड्यांनी उत्तर देतो. तिसऱ्याचे खरे उत्तर एवढेच, की वीज संपायच्या आधीच थांबतो आणि वाट पाहतो. या वाट पाहण्यातून आमच्या घरात फोटोचा छंद कसा शिरला आणि त्यातून काय हाती लागले, ते वाचकांना सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

गाडी कशी आली

आम्ही पडलो कारकून. घरात मोटार येईल असे स्वप्नातही नव्हते. पण आईचे गुडघे गेले, तिला एस.टी.ची पायरी चढवेना आणि गावाला जाणे बंद पडले. आमचे बिऱ्हाड कल्याणला, गाव सिन्नर तालुक्यात. अंतर दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. २०२३ च्या डिसेंबरात पतसंस्थेचे कर्ज काढून आम्ही एक वापरलेली, लहान, विजेवर चालणारी गाडी घेतली. हप्ता आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे कोणी आम्हाला बडे लोक समजू नये.

गाडी घेणे सोपे होते, ती चार्ज करणे अवघड गेले. इमारतीच्या सभेत दोन तास वाद झाला. 'तुमच्या गाडीचे बिल आम्ही का भरायचे?' हा प्रश्न रास्तच होता. अखेर आम्ही स्वखर्चाने सबमीटर बसवला, जाड वायर ओढली आणि दर महिन्याच्या एक तारखेला रीडिंग फळ्यावर लिहून पैसे भरू लागलो. वाद मिटला. बी.कॉम.चे शिक्षण कुठे उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

गाडीच्या खोडी

प्रत्येक गाडीला खोडी असतात. हिच्या जरा निराळ्या आहेत.

पहिली खोड म्हणजे हिला आवाज नाही. गल्लीतली कुत्री गाडीपुढे झोपलेली असतात ती उठत नाहीत, कारण गाडी सुरू झाली हे त्यांना कळतच नाही. लहान मुले आणि म्हातारी माणसे यांच्याजवळून जाताना म्हणूनच दुप्पट जपावे लागते.

दुसरी खोड आकड्याची. काट्याऐवजी टक्के दिसतात आणि चालवणाऱ्याचा जीव त्या टक्क्यांत अडकतो. आमची बॅटरी चोवीस युनिटांची. जाहिरातीत तीनशे किलोमीटरच्या वरचा आकडा होता, आमच्या वहीत पावणेदोनशे भरतो. म्हणजे एका युनिटला सात किलोमीटर. एसी लावला, वेग वाढवला, चार माणसे बसवली की तो आणखी उतरतो. घरचे युनिट आम्हाला नऊ रुपयांना पडते, तेव्हा किलोमीटरला सव्वा रुपया येतो. वाटेवरच्या केंद्रात युनिटला बावीस रुपये मोजले, तेव्हा तो तीन रुपयांच्या वर गेला. २०२४ साली पेट्रोल लिटरला शंभराच्या वर होते. सोळा-सतरा किलोमीटर देणाऱ्या गाडीला किलोमीटरमागे सहा रुपये लागतात. स्वस्ताई आहे ती अशी, आणि मुख्यतः घरी चार्ज करणाऱ्यालाच.

तिसरी खोड आम्हाला सर्वांत आवडते. पायाखालचा दाब सोडला, की मोटार उलटे काम करून वीज बनवू लागते आणि गाडीचा वेग आपोआप कमी होतो. कसारा घाट चढताना आमचे दहा टक्के गेले. परतताना तोच घाट उतरलो, तर एक-दोन टक्के वाढलेले दिसले. घाटाने थोडी उधारी फेडली म्हणायची.

चौथी खोड पाटीची. खासगी विजेच्या गाडीची पाटी हिरवी आणि अक्षरे पांढरी असतात. भाड्याच्या विजेच्या गाडीची अक्षरे पिवळी. हे ठाऊक नसल्याने स्टेशनबाहेर दोनदा लोकांनी दार उघडून "किती घेणार?" असे विचारले आहे.

तसे पाहिले तर विजेची मोटार नवी नाहीच. ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटार १८९९ साली फ्रान्समध्ये धावली, ती विजेवरच. आपल्याकडे बंगळूरची 'रेवा' २००१ साली रस्त्यावर आली. मधली शंभर वर्षे पेट्रोलने खाल्ली.

पाऊण तासाचे काय करायचे?

२०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही पहिल्यांदा गाडी गावाला नेली. आई, पत्नी, कॉलेजात जाणारी मुलगी आणि आम्ही. घाट चढून इगतपुरी ओलांडली, तेव्हा बॅटरी चाळीस टक्क्यांवर आली होती. पुढे साठेक किलोमीटर राहिले होते. हिशेबाने पोहोचलो असतो, पण जेमतेम. म्हणून घोटीजवळ एका हॉटेलच्या आवारातील केंद्रावर गाडी लावली. चाळीसचे ऐंशी टक्के व्हायला पाऊण तास लागला. ऐंशीच्या पुढे यंत्र आपणच गती कमी करते, तेव्हा तिथेच थांबून निघावे हे शहाणपण.

आता पाऊण तास करायचे काय? चहा पाच मिनिटांत संपतो. मुलीने मोबाईल दोन विटांच्या फटीत उभा केला आणि समोरच्या झाडाच्या सावलीचा मिनिटाला एक फोटो घ्यायला लावला. निघताना ते पंचेचाळीस फोटो भरभर पाहिले, तर सावली जमिनीवरून सरपटत चालली होती. आई म्हणाली, "दिवस असा पळतो होय!"

या युक्तीचा या जिल्ह्याशी जुना संबंध आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके यांनी १९१२ च्या सुमारास वाटाण्याचे रोप कसे वाढते, ते रोज थोडे थोडे टिपून पडद्यावर दाखवले होते. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधीची ही गोष्ट. भांडवल देणाऱ्याची खात्री पटवायला त्यांना ती छोटी फिल्म उपयोगी पडली. त्यांना महागडी फिल्म आणि कॅमेरा लागला होता, आमच्या मुलीला दोन विटा लागल्या.

तिथेच गाडीत बसून आईने विषय काढला. "गावाला जातोय, तर वन्संचा एक चांगला फोटो काढा. तुझ्या बाबांच्या वेळी काय झालं, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होते. वडिलांचा आमच्याकडे एकच फोटो, कारखान्याच्या ओळखपत्रावरचा. त्यावर रबरी शिक्का अर्ध्या कपाळापर्यंत उमटलेला. ते गेल्यावर तो मोठा करून घेतला, तेव्हा स्टुडिओवाल्याने शिक्का पुसला आणि त्याबरोबर वडिलांची एक भुवईही पुसली गेली. वीस वर्षे आम्ही तो फोटो भिंतीवर पाहतो आहोत आणि प्रत्येक वेळी नजर भुवईवरच जाते. आत्याचा फोटो तेवढाही नाही. आधार कार्डावरचा आहे. तो पाहून ती स्वतःच म्हणते, "ही कोण भवानी?"

कूलर, चप्पल आणि अर्थिंग

गावात पोहोचलो. जयभीम झाला, चहापाणी झाले. मुलांनी गाडीला गराडा घातला. रात्री आतेभावाच्या घरी चार्जर लावला, तर त्यावर लाल दिवा लागला. गाडी वीज घेईना. आम्हाला वाटले, चार्जर बिघडला. माहितीपुस्तिका काढून वाचली तेव्हा उलगडा झाला. घराला अर्थिंगच नव्हते, आणि अर्थिंग नसेल तर हा चार्जर वीज सोडतच नाही.

सकाळी वायरमनला बोलावले. तो बोर्ड उघडून म्हणाला, "तिसऱ्या भोकात वायरच नाही, साहेब. नुसतं भोक आहे." तेव्हा सूनबाईने सहज सांगितले, की कूलरला हात लावायचा तर आम्ही पायात चप्पल घालतो, नाहीतर झिणझिण्या येतात. घरातल्या लहान मुलांनासुद्धा हा नियम पाठ होता. कित्येक उन्हाळे हे असेच चालले होते, आणि ते घराचे लक्षणच आहे असे सगळ्यांनी धरले होते.

वाचकहो, इथे क्षणभर थांबा. तीन पिनांच्या प्लगमधली मोठी, जाड पिन शोभेची नसते. ती अर्थिंगची. ती लांब असते, म्हणजे सर्वांत आधी टेकावी. कूलर, फ्रिज, इस्त्री, मिक्सर यांच्या लोखंडी अंगात वीज उतरली, तर तिला जमिनीत जायची वाट ही पिन देते. वाट नसेल, तर ती वीज हात लावणाऱ्या माणसातून जमिनीत जाते. वायरमनने अंगणात खड्डा घेतला, त्यात नळी उभी केली, कोळसा आणि मीठ भरले, पाणी ओतले आणि तिथून बोर्डापर्यंत वायर आणली. गळती होताच वीज तोडणारा ब्रेकरही बसवून घेतला. बिलावरचा मंजूर भार पाहून चार्जर कमी भारावर लावला. किती युनिटे खाल्ली, त्याचे पैसे आम्ही आतेभावाच्या हातावर ठेवले. त्याने नको नको म्हटले, पण हिशेब तो हिशेब. अर्थिंगच्या खर्चात मात्र दोघांनी निम्मे निम्मे घातले.

आता त्या घरात कूलरला अनवाणी हात लावता येतो. आमची गाडी रुसली नसती, तर कोणी खड्डा खणला नसता.

मोटारीचा कॅमेरा

दुपारी मुलीने पुस्तकात वाचलेला प्रयोग काढला. 'कॅमेरा' हा शब्द मुळात खोलीचा आहे. पूर्ण काळोख्या खोलीत एका बारीक छिद्रातून प्रकाश आला, की बाहेरचे दृश्य समोरच्या भिंतीवर उलटे उमटते. हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम या अरब शास्त्रज्ञाने याचा बारकाईने अभ्यास केला होता. प्रकाश सरळ रेषेत जातो. वरचा किरण छिद्रातून खाली जातो, खालचा वर जातो, म्हणून चित्र उलटे.

घरात तशी काळोखी खोली नव्हती, कौलांच्या फटींतून ऊन येत होते. पत्नी म्हणाली, "गाडीच करा की खोली." युक्ती पटली. काचांना आतून काळे कार्डशीट, बाहेरून गोधड्या. एका खिडकीच्या कार्डशीटला छिद्र आणि समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा. विजेच्या गाडीचा इथे मोठा फायदा झाला. इंजिन नाही, धूर नाही, त्यामुळे गाडी उभी असतानाही आत एसी निर्धोक चालतो. पेट्रोल-डिझेलची गाडी बंद जागेत चालू ठेवून हा खेळ कोणीही करू नये, त्या धुराने माणूस दगावतो. आणि गाडी कुठलीही असो, मुलांना तिच्यात एकटे सोडू नये, दारे कुलूपबंद करू नयेत.

पहिल्या खेपेला एका सेंटिमीटरच्या छिद्रातून नुसता धुरकट उजेड दिसला. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला पाच मिनिटे गेली. मग हळूहळू समोरचे घर दिसू लागले, पण पुसट. तेव्हा आईने पिशवीतून वडिलांचा वाचायचा जुना चष्मा काढला. तो ती नेहमी जवळ बाळगते. नंबर अधिक सव्वा. या नंबराचे भिंग दूरचे दृश्य ऐंशी सेंटिमीटरवर स्पष्ट करते. एक भागिले सव्वा, एवढाच हिशेब. छिद्र रुपयाएवढे मोठे केले, त्यावर चष्म्याचे एक भिंग बसवले आणि पुठ्ठा पुढेमागे सरकवला. एकदम घर लखलखीत उभे राहिले, उलटे, रंगांसकट. दोरीवरची साडी वर तोंड करून हलत होती. कोंबडी आभाळातून चालत होती. (भिंग सूर्याकडे मात्र कधीही रोखू नये. कागद पेटतो आणि डोळा जातो.)

मुलांची रांग लागली. तिघातिघांना आत घेत होतो, सोबत एक मोठे माणूस. शेवटी आत्या आत बसली. बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "घर पालथं झालं, पर एक कौल पडलं न्हाई बघ."

आत्याचा फोटो

मग आत्याला बाहेर उन्हात, गाडीपासून तीन मीटरवर खुर्चीत बसवले. माणूस जवळ आला की चित्र मागे सरकते, म्हणून पुठ्ठा एक मीटरच्या पलीकडे न्यावा लागला. मुलगी आत मोबाईल घट्ट बसवून तयार होती. उजेड कमी, म्हणून शटर दोन सेकंद उघडे ठेवायचे. "आजी, दोन सेकंद हलू नका." आत्या म्हणाली, "बाहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, तवा मुकादम हलू नका म्हनत न्हवता. आता बसते की निवांत."

फोटो निघाला. मोबाईलवर सुलटा करून तिला दाखवला. तिने डोळे बारीक केले, गालावर हात नेला आणि म्हणाली, "ही मी न्हवं. माझं गोंदण डाव्या गालावर हाय. हे उजवीकडं कसं?"

आम्ही सगळे चमकलो. तिचे बरोबर होते. पुठ्ठ्यावरचे चित्र समोरून पाहिले आणि सुलटे केले, की आरशासारखी डावी-उजवी बाजू बदलते. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीच्या लक्षात आले नाही, बी.कॉम. झालेल्या बापाच्या लक्षात आले नाही. ते शाळेत न गेलेल्या आत्याने आपल्या गोंदणावरून ओळखले. मुलीने फोटोची बाजू बदलली. आता गोंदण जागेवर आले.

या भिंगाचा फोटो थोडा मऊ येतो, कडा विरघळल्यासारख्या. म्हणून आम्ही साध्या मोबाईलनेही तिचा एक फोटो काढला, अगदी स्वच्छ. सुरकुती न् सुरकुती दिसणारा. दोन्ही तिच्यापुढे धरून विचारले, कोणता छापू? आत्याने पुसट फोटोवर बोट ठेवले.

"ह्यात मी माझ्या आईवानी दिसते."

आई वाकून पाहू लागली. तिने आपल्या सासूला पाहिले होते, सहा वर्षे एका चुलीवर स्वयंपाक केला होता. ती म्हणाली, "खरंच वन्सं. सासूबाईच बसल्यात जणू."

आमच्या आजीचा फोटो कुठेही नाही. ओळखपत्र नव्हते, कार्ड नव्हते, कोणी काढलाच नाही. ती कशी दिसत होती, हे आम्हाला कोणी सांगू शकत नव्हते. त्या दुपारी, वडिलांच्या चष्म्याच्या भिंगातून, दोन बायांनी बोट ठेवून सांगितले की ती अशी दिसत होती.

जाता जाता

त्या संध्याकाळी वस्तीतले आणखी अकरा वडीलधारे स्वतःहून येऊन बसले. कोणी नवे धोतर नेसून, कोणी नातवाला मांडीवर घेऊन. ऊन उतरले होते, म्हणून त्यांचे साधेच फोटो काढले. कल्याणला आल्यावर सगळे छापून घेतले. एका प्रतीला पंधरा रुपये पडले. प्रत्येक फोटोच्या मागे नाव, गाव, तारीख आणि अंदाजे वय लिहिले. जन्मतारीख बहुतेकांना ठाऊक नव्हती. दुष्काळात थोरला केवढा होता, यावरून हिशेब लावला.

निघायच्या दिवशी गाडीने शेवटची खोड काढली. रात्री कोणाकडून तरी मागचे दार अर्धवट उघडे राहिले होते. सकाळी गाडी सुरूच होईना. मोठी बॅटरी सत्तर टक्के भरलेली, आणि तरी सगळे ठप्प. विजेच्या गाडीतही दिव्यांसाठी आणि यंत्र जागे करण्यासाठी बारा व्होल्टची एक लहान बॅटरी असते. ती उतरली की मोठीचा काही उपयोग होत नाही. शेवटी पुस्तिका वाचत वाचत शेजारच्या जुन्या डिझेल जीपला वायरी जोडल्या आणि तिच्या बॅटरीवर आमची गाडी जागी झाली. सगळी वस्ती हसली. आम्हीही हसलो.

वाचकहो, विजेची गाडी घ्या असे आम्ही सांगत नाही. हप्ता ज्याचा त्याला ठाऊक. पण दोन कामांना गाडी लागत नाही. या रविवारी घरातल्या प्लगच्या तिसऱ्या भोकात वायर आहे का, ते जाणत्या वायरमनकडून पाहून घ्या. आणि घरातले सर्वांत वडील माणूस उजेडात बसवून त्याचा एक फोटो काढा. तो मोबाईलमध्ये ठेवू नका, मोबाईल फुटतो, हरवतो. पंधरा रुपये घालून छापून घ्या, मागे नाव आणि तारीख लिहा.

आत्याने आपला फोटो भिंतीवर लावला नाही. तो तिने लुगड्यांच्या पेटीत, सर्वांत वर ठेवला आहे. गेल्या खेपेला आम्ही विचारले, भिंतीवर का नाही? ती म्हणाली, "भिंतीवर मेलेल्यांचे असत्यात. मी हाय की अजून."